तटावरचा पगार

दिवे येईपर्यंत कुणी उठू नका. अंगणाच्या पायऱ्या अंधारात दिसत नाहीत, मागच्या वर्षी मी स्वतःच तिथे आपटलो होतो. थालिया, ती खुर्ची इकडे ओढ. भुताचं विचारत होतीस ना मघाशी? मी काही भूत पाहिलेलं नाही. पण ज्याने पाहिलं, त्याच्या दुकानासमोर माझं घड्याळांचं दुकान एकतीस वर्षं होतं. आणि त्या माणसाला खोटं बोलता येत नसे. लग्नाच्या बायकोशीसुद्धा नाही. त्यापायी जन्मभर बोलणी खाल्ली त्याने.

कोस्मा त्याचं नाव. चांदीचं काम करायचा. आपल्या देवळांतली धुपाटणी, टांगते दिवे, पेले... कुठे सुटलेला सांधा डाग देऊन जोडायचा असला, कडी तुटली असली, की कोस्माकडे जायचं. पूर्वी ईस्टरच्या आधी त्याच्या दाराशी रांग लागायची. पुढे माणसं गेली. कुणी अथेन्सला, कुणी त्याहून लांब. देवळं राहिली, पण दिवे लावायला कुणी उरलं नाही, आणि न लावलेला दिवा तुटत नाही. कोस्माची बायको वारली. मुलगी रेआ अथेन्सला. ती रोज फोन करायची, "बाबा, आता या." शेवटी तो हो म्हणाला. घर विकलं. बयाणा घेऊन झाला होता, किल्ली शुक्रवारी शेजाऱ्याने द्यायची होती. विमानाचं तिकीट गुरुवारचं. एकतीस मे, दोन हजार अठरा.

ही गोष्ट त्याच आठवड्यातली. सोमवार, अठ्ठावीस मे. दुपारचे चार वाजले होते. कोस्मा हत्यारं पोत्यात भरत होता, तेवढ्यात मिल्तो आत आला.

मिल्तो आणि तो एका बाकावर शिकलेले. मिल्तो तरुणपणीच अथेन्सला गेला आणि जुन्या नाण्यांचा धंदा करायला लागला. वर्षातून दोनदा यायचा. चांगले बूट, अत्तराचा वास, आणि प्रत्येक वाक्यात आपण इथून सुटलो याचा आनंद.

"अजून आहेस?" मिल्तोने विचारलं.

"गुरुवारपर्यंत."

"चला. साठीला का होईना, अक्कल आली."

"तुला विसाव्या वर्षी आली होती ना? मग परत परत इथेच कशाला येतोस?"

मिल्तो हसला. खिशातून कागदाची पुडी काढली आणि उघडून कोस्मासमोर ठेवली. "हे खरं आहे का सांग."

शर्टाच्या बटणाएवढं नाणं. चांदीचं. कोस्माने डोळ्याला भिंग लावलं. नाणं धड गोलही नव्हतं, कडेला चिरलेलं. एका बाजूला ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला सम्राट, आणि दोघेही लहान मुलाने काढल्यासारखे. कोस्माने ते काट्यात टाकलं, अंगठ्याने घासलं, वासही घेतला.

"किती घाई झाली होती रे यांना," तो म्हणाला.

तुम्हाला शाळेत शिकवलंय, पण शाळेत पटकन पान उलटतात. चौदाशे त्रेपन्न साली आपल्या या शहराला वेढा पडला होता. बाहेर सुलतानाचे ऐंशी हजार, आत आपले सात-आठ हजार. खजिना रिकामा. तटावर उभ्या माणसाला भाकरी घ्यायला तरी पैसे हवेत. म्हणून देवळांतली चांदी गोळा केली. दिवे, ताटं, पेले, सगळं मुशीत वितळवलं. त्याची ही नाणी पाडली. तटावरच्यांचा पगार. शहर पडल्यावर बहुतेक पुन्हा वितळवली. उरली ती इतकी थोडी, की एकेका नाण्यासाठी श्रीमंत माणसं एकमेकांचे गळे धरतात.

कोस्माच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण नंतर त्यानेच सांगितलं. त्याला सम्राट नाही आठवला. त्याला तो चांदीवाला आठवला, ज्याने आपल्याच हाताने घडवलेला दिवा मुशीत टाकला असेल.

"खरं आहे," तो म्हणाला. "कुठे मिळालं?"

"तटात. बेलग्राद दरवाजाच्या अलीकडे, मनोऱ्याच्या बुडाशी. एक खणणारा लावला होता. अजून दहा आहेत तिथेच, भोकात. बरोबर घेऊन शहरात हिंडायला मी वेडा नाही. पण तो खणणारा लबाड. बाजारातली खोटी मिसळली असतील तर? तू रात्री ये, खरी-खोटी वेगळी कर. उद्या सकाळी माझं विमान."

"उद्या मंगळवार."

"आजीसारखा बोलू नकोस."

"मंगळवार, एकोणतीस मे."

"शहर पडून पाचशे पासष्ट वर्षं झाली, कोस्मा. हरलो आपण. आपल्यातले किती उरले इथे? दोन हजार? त्यातले निम्मे दवाखान्यात. उरलंसुरलं विकून तरी टाकू." त्याने ते नाणं उचललं आणि कोस्माच्या शर्टाच्या खिशात टाकलं. वर थापही मारली. "हे तुझं. पगार घेतलास, आता रात्री कामावर ये."

कोस्माने नाणं परत केलं नाही. का नाही केलं, हे त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही. म्हणायचा, "मला सगळी एकदा बघायची होती. जाण्याआधी."

रात्री त्याने थोडी उसळ आणि पाव खाल्ला, बॅटरी आणि भिंग घेतलं, आणि साडेअकराच्या बसने तटाशी उतरला. रमजान चालू होता. फुटपाथवर बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या, मुलं आइस्क्रीम खात होती. चंद्र पुरा होता, रस्त्यावरच्या दिव्यांची गरजच नव्हती. खंदकात भाजीचे वाफे आहेत ना, तिथे उतरायला एक पायवाट आहे. खाली सातिलमिश आगा पाण्याचा पाट फिरवत होता. हा कास्तामोनूकडचा म्हातारा. बाप, आजा, सगळे याच खंदकात भाजी पिकवून गेले. कोस्मा त्याच्याकडून तीस वर्षं लेट्यूस घ्यायचा.

मिल्तो तिथे आधीच उभा होता, चिखलापासून बूट वाचवत.

"उस्ताद, तुम्हीसुद्धा?" सातिलमिश म्हणाला. आवाजात राग नव्हता. वाईट वाटलं होतं त्याला.

"बघायला आलोय, आगा."

"हा माणूस आठ दिवस माझ्या भिंतीला भोक पाडतोय. मला पैसे देत होता. मी त्याच्या अंगावर टाकले."

"तुझी भिंत?" मिल्तो म्हणाला. "आणि एवढा ताठा कशाला? तुझ्या नावाचा अर्थच 'विकलेला'."

"आहेच. माझ्या आधीची तीन पोरं गेली, म्हणून आईने मला पिराच्या थडग्याशी नेऊन विकलं, जगावा म्हणून. एकदा विकला गेलोय, साहेब. दुसऱ्यांदा नाही."

मग तो कोस्माकडे वळला. "उस्ताद, त्यातलं काही अंगावर घेतलंत का?"

कोस्माने खिशावर हात ठेवला.

"परत ठेवा. आत्ता, या चांदण्यात असताना. माझ्या बापाला फावड्याखाली अशी सापडायची. तो तटाच्या फटीत खोचून ठेवायचा. म्हणायचा, ते घेतलं की तटावर नाव लागतं. मग बोलावणं येतं."

"कुणाचं?" मिल्तोने विचारलं.

"ते बाप कधी बोलला नाही."

मिल्तो हसला आणि पुढे निघाला. कोस्मा त्याच्यामागे गेला. खरं सांगायचं तर त्यालाही जरा हसूच आलं होतं.

बाहेरचा तट ओलांडला की दोन तटांच्या मध्ये एक लांब पट्टी आहे, काटेरी झुडपांची. तिथे मोठ्या मनोऱ्याच्या बुडाशी ते खिंडार होतं. माणूस वाकून आत जाईल एवढं. बाजूला कुदळ पडलेली, आणि एक जाकीट.

"खणणारा कुठाय?" कोस्माने विचारलं.

"काल रात्री पळाला. कुदळ टाकून. मजुरी मागायलाही आला नाही." मिल्तोने खांदे उडवले. "माझाच फायदा."

आत गुडघे टेकून बसायला जागा होती. मिल्तोने फटीतून तंबाखूचा एक डबा काढला आणि नाणी रुमालावर ओतली. दहा. कोस्माने बॅटरी तोंडात धरली, भिंग लावलं. पहिलं खरं. दुसरं खरं. तिसऱ्या नाण्यावरचा सम्राट एका बाजूला घसरलेला, ठोकताना हात थरथरला असावा. तेही खरं.

तेवढ्यात ढोल ऐकू आला.

धम्... धम्...

"सहरीचा ढोलवाला," मिल्तो म्हणाला.

कोस्माने घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. त्या भागातला ढोलवाला रोजेवाल्यांना पहाटेच्या जेवणाला उठवायला अडीचला निघतो. आणि तो गल्ल्यांतून येतो, म्हणजे तटाच्या आतून. हा आवाज बाहेरून येत होता. पश्चिमेकडून. एक ढोल नव्हता. पुष्कळ होते. दूर होते.

"मिल्तो, रस्ता ऐक."

"काय ऐकू?"

"काहीच नाही ऐकू येत."

तटाबाहेरचा तो रस्ता रात्रभर वाहतो. ट्रक, बस, टॅक्सी. आता एक गाडी नाही. कुत्रंही नाही. फक्त ढोल... आणि मग जवळ, अगदी जवळ, दगडावर दगड घासल्याचा आवाज.

मिल्तोने नाणी रुमालात बांधली. "कुणीतरी आलंय. त्या म्हाताऱ्याने बोलावलं असणार. बॅटरी विझव."

कोस्माने विझवली.

बाहेर पावलं होती. अनवाणी. बोलणं नाही. फक्त जड ओझं उचलताना माणसाच्या तोंडून निघतो तो श्वास. एक... मग दुसरा... मग लांबपर्यंत, साखळीसारखा.

चुन्याचा वास आला. ओल्या चुन्याचा.

मिल्तो खिंडारातून बाहेर सरकला. कोस्माही. चांदणं होतं. झुडपं दिसत होती, तट दिसत होता. माणसं... कोस्मा म्हणायचा, सरळ बघितलं की नसायची. नजर जरा बाजूला केली की असायची. बाह्या. कोपरं. डोक्याला बांधलेलं फडकं. बायकाच जास्त. म्हातारी माणसं. कमरेएवढी मुलं. दोन तटांच्या मध्ये, दोन्हीकडे, जिथवर नजर जाईल तिथवर रांग.

आणि रांगेत एक जागा मोकळी होती. कोस्माच्या समोर.

डावीकडून दोन हात आले. हातात दगड. कोपरापर्यंत चुना.

"घे."

जुनी भाषा. देवळात प्रार्थनेत ऐकतो तसली. पण एवढा एक शब्द कळायला शिकावं लागत नाही.

कोस्माने घेतला. दगड खरा होता. जड होता. गार होता. उजवीकडे हात वाट बघत होते. त्याने पुढे दिला.

दुसरा आला. घेतला. दिला.

मग एक दगड मिल्तोसमोर आला. मिल्तोने हात मागे घेतले. दगड तसाच राहिला, त्याच्या छातीशी, हवेत धरलेला. कुणी ओरडलं नाही, धमकावलं नाही. फक्त ते हात खाली होईनात. थकलेले हात होते ते, तरी खाली होईनात.

"माझं नाव नाही यात," मिल्तो म्हणाला. "मी इथला नाही. मी केव्हाच गेलो..."

हात तसेच.

मिल्तोने तो रुमाल कोस्माच्या पायाशी टाकला आणि पळाला. सातिलमिशने त्याला वाफे तुडवत जाताना पाहिलं. लेट्यूसची नासाडी झाली म्हणून म्हातारा पुढे कित्येक दिवस त्याला शिव्या घालत होता. मिल्तो आहे अजून, अथेन्सला. धंदा सोडला त्याने.

कोस्मा थांबला. किती वेळ, ते त्याला माहीत नव्हतं. साठीचा माणूस, नाजूक काम करणारे हात. तळवे सोलले. कंबर मोडली. ढोल जवळ येत होते. आता ढोलांमागे दुसराही आवाज होता. समुद्रासारखा. माणसांचा. रांग हलत नव्हती. दगड येत होते, आणि त्याच्या मागे, खिंडाराशी, कुणीतरी ते रचत होतं.

मग त्याला रडू आलं. भीतीने नाही. राग आला होता. इतका राग त्याला बायको गेली तेव्हाही आला नव्हता. पुढचा दगड त्याने हातात घेतला आणि दिला नाही. तसाच धरून उभा राहिला.

"काय उपयोग आहे?" तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही का? पडणार आहे हे. पडलंय. मंगळवारी. सगळं गेलं. दिवे लावायला माणूस नाही राहिलं. मीसुद्धा चाललोय गुरुवारी. कशाला रचताय?"

रांग थांबली.

लांबवर, एकेक करत, सगळे श्वास थांबले. ढोलही.

त्याच्या उजवीकडे जी होती, ती वळली. तोंड दिसलं नाही. फडकं दिसलं, आणि त्याखाली पांढरी बट. ती बोलली तेव्हा भाषा जुनी राहिली नव्हती. त्याच्या आजीची होती, याच गल्ल्यांमधली, अर्धं तोंडात ठेवून बोलायची तशी.

"मंगळवार उजाडलाय का?"

कोस्माने पूर्वेकडे पाहिलं. आतल्या तटावर आकाश काळं होतं.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

"मग दे इकडे."

त्याने दिला.

...

सातिलमिशला तो पहाटेच्या बांगेनंतर सापडला. मनोऱ्याला टेकून बसला होता, पाय पसरून, चुन्याने माखलेला. शुद्धीवर होता. म्हाताऱ्याने पाणी दिलं, तर आधी हात धुवायला मागितलं.

"नाणी?" सातिलमिशने विचारलं.

"ठेवली. माझंही ठेवलं. दगडांच्या मध्ये."

"मग सुटलात, उस्ताद."

"सुटायला कुणी सांगितलंय?" कोस्मा म्हणाला.

त्या सकाळी मी दुकान उघडायला आलो, तर समोरचं शटर वर. मंगळवार, एकोणतीस मे. ज्या दिवशी आपल्यातलं कुणी फाटका मोजा शिवायला घेत नाही, त्या दिवशी हा माणूस दोन्ही हातांना फडकी बांधून पोत्यातली हत्यारं बाहेर काढत होता. खिळ्यावर एकेक टांगत होता. मी विचारलं, काय झालं? त्याने हे सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं त्याहून कमी शब्दांत. मग रेआला फोन लावला. ती रडली, मग चिडली. तिचा आवाज मला रस्त्यापलीकडे ऐकू येत होता. "बाबा, काय राहिलंय तिथे?"

"मी," कोस्मा म्हणाला.

घराचा बयाणा त्याने दंडासकट परत केला. त्यापायी दुकानातलं निम्मं सामान विकावं लागलं. मूस ठेवली. त्या सप्टेंबरपासून तो दर रविवारी एकेका बंद देवळाची किल्ली मागून आणायचा, तिथला एक दिवा उतरवून दुरुस्त करायचा, तेल घालायचा आणि लावून यायचा. बघायला कुणी नसलं तरी. मी एकदा म्हटलं, "कोस्मा, कुणासाठी?" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी भुताटकीचं बोललो. तीन वर्षं जगला. बालिकलीच्या दफनभूमीत पुरला आपण त्याला. रेआ आली होती. हत्यारं ती घेऊन गेली नाही, इथेच ठेवली. म्हणाली, "लागतील कुणाला तरी."

आणि खिंडाराचं म्हणाल तर... त्याच मंगळवारी दुपारी मी स्वतः गेलो होतो त्याच्याबरोबर. मला वाटलं, म्हातारा वयाने भरकटला. पण मनोऱ्याच्या बुडाशी भोक नव्हतं. दगड बसवले होते, नीट, थरावर थर, मध्ये विटांच्या ओळी. सांध्यांत चुना भरलेला. चुन्यात विटेची भुकटी कालवलेली, गुलाबी. असला चुना आता कुणी करत नाही. मी एका गवंड्यालाही नेऊन दाखवला. त्याने वाकून पाहिलं, हात मागे बांधले आणि चहा न घेता गेला.

ओलाच होता चुना. साहजिक होतं. आदल्या रात्रीचा.

त्याला आता सात वर्षं झाली. सात उन्हाळे गेले त्या भिंतीवरून. दोनदा बर्फ पडलं. सातिलमिशही गेला, त्याचा पुतण्या भाजी पिकवतो.

परवा मी लेट्यूस आणायला गेलो होतो. ऊन चांगलं कडक होतं. पुतण्या पैसे सुटे करायला खोपटात गेला, म्हणून मी दोन तटांच्या मध्ये चार पावलं टाकली. मनोऱ्याशी थांबलो. सांध्यावर बोट ठेवलं.

दाबलं...

आत गेलं.